पुठ्ठ्यांत ठेवलेली सही

मी एक कार्ड बोलतोय. नेत्रदानाचं. अंगाने तळहाताएवढा, पण जीव कायम टांगणीला. माझं काम सुरू होतं ते माझ्या मालकाने डोळे मिटल्यावर, आणि तेही सहा तासांच्या आत उरकावं लागतं. अशा नोकरीत झोप कशी लागणार?

माझे मालक जोतिराम, बेळगावातल्या वडगावचे विणकर. देवळाच्या हॉलमध्ये शिबिर होतं, तिथे त्यांनी माझ्यावर सही केली. शेजाऱ्याने कारण विचारलं तर म्हणाले, "मला धागा जोडाय शिकवणाऱ्या मष्णूमामांच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं. शेवटाला नुसत्या आवाजावरनं सांगायचे, धागा तुटलाय म्हणून. दुसऱ्या कुणावर ती पाळी नको."

घरी बायको अंजनी चहा गाळत होती. त्यांनी मला तिच्यापुढे धरलं. ती म्हणाली, "सकाळच्या पारी मरणाचं बोलू नका." झालं, विषय मिटला. नवरा-बायकोचे मोठे विषय असेच मिटतात, हे मी त्या दिवशी शिकलो.

मग जोतिरामनी मला ठेवलं कुठे? मागाच्या खोलीत, नक्षीच्या पुठ्ठ्यांत. साडीच्या काठावर मोर उतरवणारे ते भोकांचे पुठ्ठे. "घरात सोनं हरवंल, पुठ्ठा न्हाय हरवायचा," असं मुलाला, युवराजला, सांगून मोकळे झाले. विणकराचंच डोकं ते! मला मात्र तिथेच धोका दिसला. कारण या घरात कुणी गेलं की आधी माग बंद होतात, आणि सुतक फिटेपर्यंत त्या खोलीची कडी कुणी काढत नाही.

शेवटी माझी भीती खरी ठरली. गेल्या महिन्यात एके दिवशी सकाळी आठला जोतिराम अंघोळ करून टेकले, ते उठलेच नाहीत. माग थांबले. थोड्या वेळात अख्खा बोळ गप्प झाला. बाहेरून कडी लागली आणि मी आत अडकलो.

समोर भिंतीवर घड्याळ होतं. नऊ. दहा. बोरगावची बहीण निघाली का, बांबू आले का, हार किती आणायचे, माणसं सगळं विचारत होती. माझी आठवण कुणालाच नव्हती. साडेअकरा. आणि समजा आठवण आली असती, तरी नुसत्या सहीवर भागत नाही, घरच्यांचा होकार लागतो. खरं सांगतो, मला बंद कडीपेक्षा अंजनीची धास्ती जास्त होती.

साडेबाराला कडी वाजली. दारात अंजनीच होती. मागून युवराज म्हणाला, "आई, सुतकात मागाच्या खोलीत?"

"व्हय. पुठ्ठे काढ खाली."

गठ्ठ्यातून तिने मला ओढून काढलं. तिने मला छातीशी धरलं आणि उभीच राहिली. आता फाडते की काय, असं मला वाटलं.

"ह्यातल्या नंबरावर फोन लाव," ती युवराजला म्हणाली. "आणि भाईरचा पंखा बंद कर. डोळं वाळत्यात."

माझ्या पाठीवरचा मजकूर तिने कधी वाचला होता, देव जाणे.

दीडला डॉक्टर आले, बरोबर सिस्टर सौम्या. वीस मिनिटांत काम आटोपलं. सहा तासांतली दहाच मिनिटं उरली होती.

आता मी कोपरे दुमडून जोतिरामांच्या फोटोमागे पडून आहे. माझं काम झालं. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला कडीकुलपात ठेवू नका, आणि घरच्यांना मोठ्याने सांगून ठेवा. सगळ्यांच्या नशिबी अंजनी नसते.

परवा सौम्या आभाराचं पत्र घेऊन आली होती. दोन माणसांना दिसू लागलंय, म्हणाली. अंजनीने पत्र दोनदा वाचलं. मग सौम्याने हळूच एक कोरं कार्ड पुढे केलं. "आक्का, तुमचंबी भरूया?"

अंजनीने ते परत केलं.

"माझे न्हाय द्यायचे, बाई. त्येंनी त्येंचे दिले. वर गेल्यावर एकमेकांस्नी वळखाया दोघांतल्या एकाला तरी दिसाय पायजे."