दम लागला की

खेळाच्या बाईंचा शाळेतून फोन आला तेव्हा तो दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्याची काच घासत होता. बायको जाऊन चार महिने झाले होते, आणि या चार महिन्यांत त्याच्या हातून एकही काच वाया गेली नव्हती. मालक म्हणायचा, "कमाल आहे तुझी." कमाल कसली? हात आपोआप चालत होते.

"तुमच्या मुलीबद्दल बोलायचंय," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी याल? घाबरू नका."

तो घाबरला नव्हता. घाबरायचं कसं, हेही तो विसरल्यासारखा झाला होता.

मुलगी आठ वर्षांची. पूर्वी घटकाभरही एका जागी टिकत नसे, म्हणून घरीदारी तिला सगळे खारू म्हणत. दुसऱ्या दिवशी तिला वर्गात सोडून तो मैदानाकडे गेला. बाई चेंडूंच्या खोलीत हवा भरत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट.

"पहिली ते चौथीच्या पोरांना आम्ही रोज वर्गाआधी मैदानावर सोडतो," त्या म्हणाल्या. "शर्यत नाही, नंबर नाही. पळा, चाला, उड्या मारा, पण अंग हलवा. तुमची पोर बाकावरून उठतच नाही. आईची आठवण येत असेल, म्हटलं राहू दे. पण परवा चेंडू तिच्या पायाशी आला. तिनं मारला, त्याच्यामागे दहाबारा पावलं धावली आणि मधेच थांबली. छातीवर हात, चेहरा पांढराफटक. विचारलं तर म्हणते, 'बाई, मला दम लागायला लागला होता.'"

त्याला समजलं. बायको गेली त्या दिवशी मायलेकी बसमागे धावल्या होत्या. बस मिळालीही. सीटवर टेकून बायको हसत म्हणाली होती, "थांब गं, जरा दम लागलाय." पुढे काहीच बोलली नाही. तीन थांबे जाईपर्यंत खारूला वाटत होतं, आई झोपलीय.

गिऱ्हाइकाला काचेचा नंबर सांगावा तसं त्यानं हे सगळं सांगितलं. "तिच्या हृदयात जन्मापासून दोष होता. कुणाला माहीत नव्हतं. खारूची तपासणी केली, तिला काही नाही."

"हे तिला सांगितलंत?"

"डॉक्टर बोलले तेव्हा ती तिथंच होती."

"म्हणजे नाही सांगितलंत." बाईंनी पंप बाजूला ठेवला. "मी कितीही पळाले तरी तिला फरक पडणार नाही. बाईंना काय होतंय, असंच वाटेल तिला. तुम्ही पळा तिच्यासमोर."

"मी? शाळा सुटल्यापासून पळालेलो नाही."

"तब्येत ठीक आहे ना? मग दम लवकर लागेल. बरंच की."

शनिवारी तो गेला. खारू बाकावर बसली होती. तिच्यासमोर उकिडवं बसून त्यानं आईच्या हृदयातला दोष सांगितला, आणि तिचं स्वतःचं हृदय चांगलं असल्याचंही. तिनं नीट ऐकून घेतलं.

"पण तू नको पळूस," ती म्हणाली.

"एकच फेरी."

"नको ना बाबा."

तो उठला आणि पळायला लागला. पायात चपला, खिशात किल्ल्या खुळखुळतायत. पोरांना गंमतच झाली. "खारूचे बाबा, पळा!" म्हणत चारसहा जण मागे लागले. लांबच्या कोपऱ्यावर त्याच्या कुशीत कळ आली. तिथून त्याला खारू दिसली. ती बाकावर उभी राहिली होती, दोन्ही मुठी तोंडावर. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, असा विचार त्याच्या मनात आला. वाटलं काहीच नाही. तो पळत राहिला.

फेरी संपवून तो मातीतच बसला. खारू आली, चालत.

"बाबा, बोल."

"थांब, जरा..." तो अडखळला. तेच शब्द तोंडात आले होते. पण दुसरे कुठून आणणार? "दम लागलाय," तो म्हणाला.

तिनं गुडघे टेकून त्याच्या छातीला कान लावला. बाईंनी बाकीच्या पोरांना शिट्टी वाजवून पलीकडे नेलं.

"केवढ्यांदा वाजतंय!"

"हं."

"थांबणार?"

"हळू होईल. थांबणार नाही."

तिनं कान काढला नाही. त्याच्या ओल्या शर्टाला गाल चिकटवून ती बराच वेळ तशीच राहिली. मग म्हणाली, "झालं हळू."

त्याला रडू येईल असं बाईंना वाटलं असावं. त्यांनी रुमाल पुढे केला. त्यानं मान पुसली आणि तो परत दिला.

त्या दिवशी खारू पळाली नाही. सोमवारी बाईंचं बोट धरून चालत एक फेरी केली. बुधवारी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावली, छातीवर हात ठेवून वाट पाहिली, मग पुढच्या खांबापर्यंत. बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत, शाबासकीही दिली नाही. "उद्या परत ये," एवढंच म्हणाल्या.

कामावर जाताना तो जाळीबाहेर पाच मिनिटं थांबायचा. काल चार वेळा थांबली, आज तीन वेळा, एवढं लक्षात ठेवायचा आणि निघायचा. आनंद झाला म्हणावं, तर तसं नव्हतं. पण थांबल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नसे.

"शनिवारी तू पण यायचंस," एकदा खारू म्हणाली. "चपला घालून नाही हं. पाय मुरगळेल, बाई म्हणाल्यात."

संध्याकाळी दोघं बुटांच्या दुकानात गेली.

"किती नंबर?" दुकानदारानं विचारलं.

त्याला सांगता येईना. दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर दिवसभर त्याच्या हातांखालून जात. स्वतःच्या पायाचा बायकोला माहीत होता.

"मोजून बघा," खारूच म्हणाली.

त्यानं चप्पल काढली आणि थंड पट्टीवर पाय ठेवला.

"नऊ," दुकानदार म्हणाला.

"नऊ," खारू म्हणाली. "बाबा, लक्षात ठेव."