होडी एकदाच का पळते?

खेळण्यांच्या दुकानासमोरची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. आत परातभर पाण्यात बोटाएवढी थर्माकोलची होडी सोडली जाई. ना वल्हं, ना चावी, तरी ती सुर्रकन पळे. होडी पळाली की आजार पळाला. वर्षापूर्वीपर्यंत मुलांना टबात खेळायच्या होड्या विकणारे दुकानदार आता होडीबाबा झाले होते. होड्यांना गिऱ्हाईक नव्हतं, चमत्काराला मात्र गिऱ्हाइकांचा तोटा नव्हता.

ताईने सात वर्षांच्या लेकीला आणलं होतं. तिला फिट्स येत. गोळ्यांमुळे त्या वर्षभर थांबल्या होत्या. होडी पळाली की गोळ्या आजपासून बंद, असं ताईने ठरवूनच टाकलं होतं. माझं ती ऐकायला तयार नव्हती, म्हणून मी नुसती सोबत गेले.

बाबांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि होडीच्या मागच्या खाचेला अंगठा लावला. होडी पळाली. ताईचे डोळे भरून आले. मला भांडी घासायच्या साबणाचा वास आला.

बाबा परात मागच्या मोरीत रिकामी करायला उठले. पाणी का बदलता, असं मी विचारलं.

"आजार उतरलाय त्यात. पुढच्याला बाधेल."

"मग ओतू नका. त्यातच माझ्या भाचीची होडी पुन्हा सोडा. तिचाच आजार तिला काय बाधणार?"

"सोडा की बाबा," मागे उभा असलेला शिंपी म्हणाला, "आम्हालाही बघू दे."

बाबांनी तीनदा अंगठा लावला. होडी ढिम्म. संशयी माणसाच्या सावलीत होडी चालत नाही, असं त्यांनी जाहीर केलं. मी परात आणि होडी धुऊन ताजं पाणी भरलं आणि मोरीवरचा साबण भाचीच्या अंगठ्याला लावला. तिने तो खाचेला टेकवताच होडी सुसाट.

"मावशी, आता मीपण बाबा?"

रांग हसली.

पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा असतो. साबणाने मागचा ताण सैल होतो आणि पुढचा ताण होडीला ओढून नेतो. साबण सगळीकडे पसरला की ओढ संपते. म्हणून दर वेळी ताजं पाणी.

निम्मी रांग घरी गेली. उरलेली बाबांची पुढची थाप ऐकायला थांबली.

"खरंच बरी होईल असं वाटलं गं," ताई हळूच म्हणाली. बाबांच्या पायाशी ठेवायला आणलेली गोळ्यांची पट्टी तिने परत पर्समध्ये टाकली.

चमत्कार करणाऱ्याला एवढंच म्हणा: पुन्हा करून दाखवा, या वेळी आमच्या अटींवर. आणि औषध थांबवायचं की नाही, हे ते लिहून देणाऱ्या डॉक्टरला विचारा, होडीला नाही.