सासऱ्यांनी बांधलेला डेक

माझ्या सासऱ्यांना लाकडातली चूक काढायचा रोग आहे. कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आत त्यांना दाराचा तिरकेपणा दिसतो आणि चहा संपायच्या आत ते तो बोलून दाखवतात. लग्नाआधी मला भेटायला आले तेव्हा त्यांनी आधी आमच्या टेबलाचा पाय हलवून बघितला आणि मग माझ्याकडे वळले. टेबल नापास झालं. मी काठावर पास झालो, असं बायको अजून सांगते.

बावीस वर्षांपूर्वी आम्ही हे घर घेतलं तेव्हा स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की समोर तीन पायऱ्या आणि खाली चिखल होता. सासरे सहा आठवडे रोज सकाळी आले आणि तिथे त्यांनी लाकडी डेक, फळ्यांचा उघडा ओटाच म्हणा ना, बांधला. मदतीला मी होतो, म्हणजे फळीचं दुसरं टोक धरून बोलणी खात होतो. ‘‘जावईबापू, फळी आहे ती, तान्हं बाळ नाही. घट्ट धरा,’’ हे वाक्य मी त्या सहा आठवड्यांत किती वेळा ऐकलं असेल, गणती नाही. पण काम असं की बघत राहावं. चालायच्या फळ्यांवर खिळ्याचं एक डोकं दिसत नाही. कठड्याच्या कोपऱ्यात दोन लाकडं कुठे मिळतात ते शोधायला मी कितीदा नख फिरवलं आहे, सांधा नखाला लागत नाही. माणूस खडूस आहे, पण हात सोन्याचा. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही, कारण बोललो असतो तर त्यांनी माझ्या कौतुकातही चूक काढली असती.

आता तो डेक राखाडी पडला होता. कडांना चिरा गेल्या होत्या, अनवाणी चाललं की तळपायात कुसळं जायची. बायको म्हणाली, ‘‘पाडू आणि नवा बांधू.’’ सासरे म्हणाले, ‘‘वरचा रंग गेलाय, जीव गेलेला नाही. घासा, दोनदा तेल पाजा, अजून वीस वर्षं हलणार नाही.’’ दोन महिने हेच चाललं. खाण तशी माती, त्यामुळे बाप-लेकीतलं कुणी तसूभर मागे सरकेना. आणि मी मध्ये, इकडे आड तिकडे विहीर.

खरं काय ते मला एकट्याला माहीत होतं. डेक जमिनीपासून गुडघ्याच्या थोडा वर येईल एवढा उंच आहे, त्याच्याखाली सरपटत जाता येतं. महिन्यापूर्वी बागेचा पाइप काढायला मी खाली गेलो, तेव्हा हातात स्क्रूड्रायव्हर होता. फळ्या ज्यांच्यावर बसवल्या आहेत त्या तुळयांपैकी एकीला मी तो सहज टोचला. लोण्यात सुरी जावी तसा तो मुठीपर्यंत आत गेला. मी वर बघितलं. बरोबर त्या जागेवर सासूबाईंची खुर्ची असते.

सासूबाई एका शिवणाच्या दुकानासाठी घरी बसून बटणं लावतात, काजं करतात. सासऱ्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे, पण तिथे उजेड नाही, म्हणून दोघं रोज दुपारी आमच्याकडे येतात. सासूबाई डेकवर शिवतात, सासरे शेजारी बसून पेपरातल्या चुका काढतात. मी त्या दिवशी खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि ‘‘तिथे ऊन डोळ्यांत जातं’’ अशी थाप मारली. ‘‘मला ऊनच हवंय,’’ म्हणून त्यांनी ती पुन्हा होती तिथे नेली. मग मी खाली जाऊन त्या तुळईला दोन टेकू लावले आणि गप्प बसलो.

गप्प का बसलो? सासरे शहात्तर वर्षांचे आहेत. हात थरथरतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी सगळी हत्यारं आपल्या जुन्या शिष्येला देऊन टाकली. जन्मभर लोकांच्या घरांत दारं बसवली, जिने बांधले. ते बघायला आता त्यांना कोण बोलावणार? रोज जाऊन टेकता येईल असं त्यांच्या हातचं एकच काम उरलं होतं. ते पाडलं तर दुसरं त्यांच्याकडून होणार नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. दोन महिने ते डेकसाठी भांडत नव्हतेच. मला ते दिसत होतं आणि माझा जीव तुटत होता.

म्हणून मी त्या शिष्येला फोन केला. ती सासऱ्यांना उस्ताद म्हणते आणि ते तिला पाचर, कारण सोळाव्या वर्षी ती त्यांच्या कारखान्यात जी घुसली ती कुणाच्यानं हलली नाही. आज तिच्या हाताखाली नऊ माणसं आहेत. मी तिला म्हटलं, ‘‘तू बघायला ये, पण उस्तादांसमोर एवढंच सांग की वरून घासलं की पुरे. मग त्यांना आठवडाभर माझ्या मेहुणीकडे पाठवतो, तेवढ्यात तू खालच्या तुळया गुपचूप बदल.’’ ती म्हणाली, ‘‘दादा, उस्तादांना फसवायचं?’’ मी म्हटलं, ‘‘फसवायचं नाही गं, सांभाळायचं.’’ मला तेव्हा माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

शनिवारी दुपारी ती आली. सासरे कठड्याला टेकून उभे, सासूबाई खुर्चीवर, बायको दारात कमरेवर हात ठेवून. पाचरनं वरून चार-पाच फळ्या ठोकून बघितल्या, मग बॅटरी घेऊन खाली शिरली. आत ती चांगली दहा मिनिटं होती. बाहेर आली तेव्हा तिनं आधी माझ्याकडे बघितलं आणि मग मान खाली घातली.

‘‘काय म्हणतात तुळया?’’ सासऱ्यांनी विचारलं.

‘‘चांगल्या आहेत, उस्ताद. वरून घासून तेल दिलं की झालं.’’

आता सासऱ्यांनी लेकीकडे बघून मिशीत हसायला हवं होतं. दोन महिन्यांचं भांडण ते जिंकले होते. पण ते हसले नाहीत. पुढे झाले आणि त्यांनी पाचरचा हात धरून कोपर उजेडात आणलं. बाहीला काळा, ओलसर भुगा लागला होता. त्यांनी तो चिमटीत घेतला, चुरला, नाकाशी नेला.

‘‘हे चांगल्या लाकडाचं आहे?’’

पाचरनं बाही झटकली. बॅटरी तिच्या हातातून काढून घेऊन ते पायऱ्या उतरले.

‘‘बाबा, नका ना!’’ बायको ओरडली. ‘‘अहो, कंबर धरेल तुमची,’’ सासूबाई उठल्या. त्यांनी ऐकलं नाही. शहात्तर वर्षांचा माणूस पोटावर झोपला आणि कोपरांनी सरकत डेकखाली गेला. आम्ही वर उभे राहून नुसते ऐकत होतो. एका टोकापासून ते मुठीनं ठोकत निघाले. टक. टक. मग धप्प. पुढे पुन्हा धप्प. शेवटपर्यंत त्यांनी एकही तुळई सोडली नाही. जी आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो ती गोष्ट ते स्वतःच्या हातानं मोजत होते.

बाहेर आले तेव्हा शर्टाला माती, मिशीला कोळिष्टकं. मी हात दिला, तो त्यांनी घेतला. एरवी घेत नाहीत.

‘‘आठ तुळया. पाच गेल्या. फळ्याही खालून सडल्यात, घासायला काही उरलेलं नाही,’’ ते म्हणाले आणि पाचरकडे वळले. ‘‘काम वाईट झालं तर ते पाडता येतं. पण पाहिलेलं एक आणि सांगितलेलं दुसरं, हे मी तुला कधी शिकवलं?’’

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता तोंड उघडणं मला भाग होतं. ‘‘तिचा दोष नाही, बाबा. मी सांगितलं होतं तिला.’’

‘‘ते कळलं मला. एवढा हुशारपणा घरात दुसऱ्या कुणाकडे आहे? आणि तुळईखाली लावलेले टेकू तिरके आहेत.’’

मी शेवटची धडपड केली. ‘‘बाबा, पण बावीस वर्षं पाऊस झेललाय त्यानं. कुठलंही लाकूड असतं तरी...’’

‘‘पावसाला मध्ये आणू नका, जावईबापू.’’ ते कठड्याला धरून उभे राहिले. ‘‘फळ्यांमध्ये फट ठेवायची असते. पाणी खाली जातं, वारा वर येतो, लाकूड वाळतं. मीही ठेवली होती. तिसऱ्या वर्षी मीच सरसात भुसा कालवून एकूण एक फट बुजवली. पाणी आतच मुरत राहिलं. हे माझ्या हातानं झालंय.’’

मला ते आठवलं. मुंग्या वर येतात म्हणून बुजवतोय, असं ते तेव्हा म्हणाले होते. आणि मी मूर्ख, येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचो, बघा, सुई जाईल एवढीसुद्धा जागा नाही!

‘‘तुम्हाला माहीत नव्हतं?’’ बायकोनं विचारलं. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

‘‘माहीत होतं. बुजवतानाच माहीत होतं.’’ मग सासूबाईंकडे न बघता ते म्हणाले, ‘‘हिची बटणं पडायची फटीतून. दुकानाची मोजून दिलेली बटणं. मग ही त्या चिखलात सरपटत जाऊन शोधायची. मला ते बघवत नव्हतं.’’

सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. ‘‘मी कधी म्हटलं होतं तुम्हाला, फटी बुजवा म्हणून?’’

‘‘नाही म्हटलंस. तू कधी काही म्हणतेस का?’’

पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारा हा माणूस आपली चूक पदरात घेऊन आमच्यासमोर उभा होता. पावसावर नाही, लाकडावर नाही, बायकोवर तर नाहीच, कुणावरही त्यानं ती ढकलली नाही. त्या क्षणी मला ते जेवढे मोठे वाटले तेवढे कठड्याचा सांधा बघूनही कधी वाटले नव्हते.

‘‘पाडायचा,’’ ते पाचरला म्हणाले. ‘‘सोमवारी माणसं आण. नवीन फळ्यांत पेन्सिल जाईल एवढी फट ठेव, आणि ती कुणी बुजवायला आला तर त्याचे हात तोड. माझे असले तरी.’’

‘‘मी आत बसून शिवत जाईन,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘आत उजेड नाही.’’ ते खुर्चीपाशी गेले, तिच्या पायांशी उकिडवे बसले आणि एका फळीवरून तळहात फिरवू लागले. बराच वेळ फिरवत होते. ‘‘इथे, हिच्या खुर्चीखाली, एक खण बसेल. तळाला बारीक जाळी. पाणी निघून जाईल, बटण राहील. पुढून ओढला की झालं.’’ मान हलवत ते म्हणाले, ‘‘हे मला वीस वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं.’’

‘‘मी करते, उस्ताद,’’ पाचर डोळे पुसत म्हणाली.

‘‘तू डेक कर. खण मी करणार. त्या हत्यारांतली माझी छोटी पटाशी तेवढी दोन दिवस परत दे.’’

त्यांचा हात फळीवर टेकलेला असूनही थरथरत होता. ते आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं. सासूबाईंनी मांडीवरचं शिवण बाजूला ठेवलं, आपल्या डब्यातली मोजपट्टी काढली आणि तिचं एक टोक स्वतः धरून दुसरं त्यांच्यापुढे केलं.

‘‘घ्या माप,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी घट्ट धरते.’’