पाय माझे, तोंड त्याचं

मी गाढव बोलतोय. हसलात ना? हसा. गाढव म्हटलं की माणसाला आधी हसू येतं आणि मग शिवी आठवते. मला दोन्हींची सवय आहे. पण मत्सर कशाला म्हणतात हे ऐकायचं असेल, तर जरा कान द्या. माझ्याइतके लांब नसले तरी चालतील.

माझा जन्म एका वीटभट्टीवर झाला. आईच्या पाठीवर विटा आणि तिच्या मागे मागे मी, असं माझं बालपण गेलं. अंगात जरा जोर आला न आला, तोच एका कुंभाराने मला विकत घेतलं. अंग राखेच्या रंगाचं, म्हणून त्याने माझं नाव ठेवलं भुऱ्या. नदीकाठची माती गोणीत भरून घरी आणायची आणि भाजलेल्या कुंड्या पेंढ्यात गुंडाळून बाजारात न्यायच्या, हे माझं काम. कुंभार माणूस भला. ओझं लादताना म्हणायचा, "चल बाबा, एवढी एक खेप." मारायचा त्या फक्त हाका.

त्याला एकच मुलगी, छकुली. आई लहानपणीच गेलेली. छकुली बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर ओठांवर अडून बसायचं, आणि तेवढ्यात समोरचा माणूस तिचं वाक्य स्वतःच पुरं करून मोकळा व्हायचा. शेवटी तिने बोलणंच सोडलं. दुकानात नुसतं बोट दाखवायची, शाळेत नुसती मान हलवायची. "पोर मुकी नाही हो माझी, गप्प आहे," असं सांगून सांगून कुंभाराच्या तोंडाला फेस आला.

माझ्याशी मात्र ती बोलायची. मी कधी कुणाचं वाक्य पुरं करत नाही ना! शाळा सुटली की माझ्या छपराखाली गवतावर बसून मला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायची. पुस्तक नेहमी तेच. एक कुटुंब सुट्टीवर निघतं, वाटेत गाडी बिघडते, सामान वाहायला ते एक गाढव भाड्याने घेतात आणि ते गाढव ऐन पुलावर हटून बसतं. मग काय, बाप ओढतोय, आई ढकलतेय, मुलं गाजर दाखवताहेत! छकुली अडखळत वाचायची आणि खिदळायची. त्या पुस्तकातलं गाढव म्हणजे मीच, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

अशात एक दिवस त्याच पुस्तकावर सिनेमा काढायला माणसं आमच्या नदीवर आली. कार्टून नाही हं. खरी माणसं, खरा पूल आणि खरं गाढव! दिग्दर्शिकाबाई कुंभाराच्या अंगणात आल्या, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "अरे, हा तर थेट पुस्तकातून उतरलाय!"

मी फुगलो. दोन दिवस गवतसुद्धा ऐटीत चघळलं.

तिसऱ्या दिवशी एका बंद गाडीतून तो उतरला. पांढराशुभ्र. खुरांना तेल लावलेलं, पापण्या लांबच लांब. नाव काय, तर हिरो! त्याच्याबरोबर जनावरांना शिकवणारा एक मास्तर होता. मास्तरने एक चुटकी वाजवली की हिरो मान डोलवायचा. दोन वाजवल्या की दात काढायचा. पैसा घालणाऱ्या शेटजींचं म्हणणं पडलं, पडद्यावर पांढरंच उठून दिसतं. मग ठरलं असं की तोंड हिरोचं दाखवायचं, आणि ओझं वाहणं, चिखल तुडवणं, चढ चढणं भुऱ्याने करायचं. रंग जुळावा म्हणून मला रोज सकाळी पांढरी भुकटी फासायचे. मी शिंकलो की सगळा सेट खोकायचा.

तेही मी सोसलं. गाढवाच्या जातीला सोसणं काय नवीन? पण एका दुपारी काय बघतो, तर छकुली हिरोजवळ बसलेली आणि मांडीवर तेच पुस्तक. माझं पुस्तक! माझी गोष्ट ती त्याला वाचून दाखवत होती, आणि तो सोंगाड्या मास्तरने चुटकी न वाजवताच मान डोलवत होता. माझ्या छातीत वीटभट्टी पेटली. त्या दिवसापासून गवत गोड लागेना.

पुलाचा प्रसंग चित्रित करायचा दिवस उजाडला. मी सामान घेऊन अर्ध्या पुलापर्यंत चालायचं, आणि हटून बसलेलं तोंड पुढे हिरोचं घ्यायचं, असं ठरलं होतं. माझ्या पाठीवर ट्रंका, छत्र्या, वळकट्या. पुढे दोरी धरून सिनेमातला बाप, मागे सिनेमातली आई आणि दोन मुलं. मी निघालो, आणि पलीकडच्या टोकाला नजर गेली. छकुली हिरोच्या गळ्यात हात टाकून त्याच्या कानात काहीतरी सांगत होती.

मी पुलाच्या तोंडाशीच थांबलो. बस्स. काय करायचं ते करा.

बापाने ओढलं. आईने ढकललं. मग बापही मागे येऊन खांदा लावून ढकलू लागला, तेव्हा त्याची चिकटवलेली मिशी निघून माझ्या शेपटीला लागली. माणसं हसून हसून लोळली. पण ऊन कलायला लागलं तसं हसू आटलं. एक साहाय्यक चिडला आणि कुंपणाची काठी उपसून माझ्याकडे आला.

"मा… मा… मारू नका!"

पुलावरून छकुली धावत येत होती. एवढ्या माणसांसमोर तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला होता. साहाय्यकाचा हात वरच राहिला.

"अगं, पण हे गाढव हट्टी…"

"ह-हट्टी नाही तो. रु… रु…"

सगळे थांबले. कुणीही तिचं वाक्य पुरं केलं नाही. कुणाला पुढचा शब्द ठाऊकच नव्हता ना!

"रुसलाय. मा-माझ्यावर."

दिग्दर्शिकाबाईंनी कॅमेरा बंद करू नका अशी हाताने खूण केली आणि हळूच विचारलं, "मग आता काय करायचं गं?"

"स-समजूत काढायची." छकुलीने माझ्या मानेवर गाल टेकला. "भु-भुऱ्या, चल ना रे."

मी लगेच हललो नाही. काही मानपान आहे की नाही? तिने आणखी दोनदा म्हटल्यावर मग चाललो.

बाईंना तो प्रसंग असा आवडला की त्यांनी तो सिनेमासाठी जसाच्या तसा पुन्हा चित्रित करायचं ठरवलं, फक्त जवळून दिसणारं तोंड हिरोचं. छकुली म्हणाली, "म-मला नीट बोलता येत नाही." बाई म्हणाल्या, "जसं येतं तसं बोल. आम्हाला कुठे गाडी पकडायचीय?" मागे उभा कुंभार मातीच्या हातांनीच डोळे पुसत होता. तोंडभर चिखल झाला, तरी त्याला पत्ता नाही.

पुढे छकुली सगळ्यांशी बोलू लागली. दिवेवाल्याशी, मास्तरशी, सिनेमातल्या आईशी. तुम्हाला वाटेल, मला आनंद झाला असेल. जळलो हो मी! तिचे सगळे शब्द आजवर माझ्या एकट्याच्या वाट्याचे होते. आता ती ते दाण्यांसारखे गावभर उधळत होती.

सिनेमा लागला तेव्हा बापलेक शहरात जाऊन बघून आले. कुंभार माझी पाठ थोपटून म्हणाला, "तोंड त्याचं, पण पाय तुझे रे! मी तर लगेच ओळखले. आणि त्या मिशीला अख्खं थेटर हसून कोसळलं बघ." बाहेरच्या मोठ्या चित्रावर मात्र हिरोच दात काढून उभा होता म्हणे.

इथवर ठीक होतं. पण वर्ष सरलं, आणि तोच मास्तर हिरोला घेऊन आमच्या दारात हजर! मास्तरचे गुडघे गेले होते, तो आपल्या मुलाकडे राहायला निघाला होता. हिरोला आता कुणी कामाला बोलवत नव्हतं. "ठेवून घ्याल का याला?" त्याने विचारलं. कुंभार तोंड उघडण्याआधीच छकुली म्हणाली, "ठे-ठेवू." मला कुणी विचारलं? छे!

तेव्हापासून तो माझ्या छपराखाली आहे. भट्टीत भाजताना मडकं तडकलं की थरथरतो. मातीची गोणी पाठीवर राहत नाही, घसरतेच. नदीच्या उतारावर तर तो मी जिथे पाय ठेवतो तिथेच पाय ठेवून चालतो. मी थांबलो की थांबतो. राग येतो मला त्याचा. पण उतार निसरडा असला, तर मी जरा हळू चालतो. आता तो पडला, तर त्याची गोणी वाहायची कुणी?

आता मी म्हातारा झालो. माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात नवं कुणी आलं, लेकरू असो, सून असो की जनावर, त्याचे लाड जरूर करा. पण त्याआधी जुन्याच्या पाठीवर एकदा हात ठेवा. तेवढ्याने ते जळणं थांबत नाही, पण झोप लागते.

थांबा. फाटक वाजलं. बाजारात कुंड्या विकून छकुली घरी आली वाटतं. तिच्या हातात गाजरं दिसताहेत. आता बोलू नका. ती आधी कुणाकडे वळते, तेवढं मला बघू द्या.