खडखडाटातलं बोलणं

शहापुरातल्या तम्मण्णाच्या घरात दोन्ही पॉवरलूम सुरू झाले की शेजारी उभं राहून बोंब मारली तरी ऐकू यायची नाही. पण तम्मण्णा आणि जयवंता या नवराबायकोचा सगळा संसार त्या खडखडाटातच चालला होता. तो मागापाशी नुसते ओठ हलवायचा, ती समोर सुताच्या कांड्या भरता भरता ते वाचायची. भांडणंही तशीच व्हायची, आणि जयवंता हटकून जिंकायची. हरायला लागली की ती सरळ मान फिरवून घ्यायची, मग बोला म्हणावं भिंतीशी!

एके सकाळी तम्मण्णा काहीतरी बोलला आणि तिला कळलंच नाही. तिनं हातानंच "काय?" विचारलं. तो परत बोलला. छे! लग्न झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. ती उठून जवळ गेली. त्याच्या ओठांची डावी कड खाली ओघळली होती. कांडी बदलायला त्यानं मागातला धोटा उचलला, तोही डाव्या हातातून निसटून पडला.

"अहो, तोंड वाकडं झालंय तुमचं!" ती त्याच्या कानात ओरडली.

"वारं लागलंय गं. साडी उतरू दे, मग तेल चोळ." तोही तिच्या कानाशी ओरडला; बोलणं जड, तोंडात घास असल्यासारखं.

मागावर साडी अर्धी सोडून उठायचं नाही, हा तम्मण्णाचा नेम. पदर वीतभर राहिला होता. वीतभरच तर आहे, असं क्षणभर तिलाही वाटलं. मग थोरला दीर आठवला. त्यालाही असंच वारं लागलं म्हणून दिवसभर तेल चोळलं होतं, आणि त्याची वाचा गेली ती कायमची. तिनं जाऊन मेन स्विच पाडला.

"अगं, साडी!"

"जळू दे ती साडी! उठा आधी."

शेजारच्या नागेंद्रनं रिक्षा थेट मोठ्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, "कधी सुरू झालं?"

"आत्ताच बघा. ह्यांनी च्या मागितलेला कळला, त्याच्या म्होरलं न्हाय कळलं."

डोक्याचा फोटो काढून लगेच औषध सुरू झालं. "लकवा होता," बाई नंतर म्हणाल्या. "वेळेत आलात म्हणून गुठळी विरघळवता आली. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी थांबायचं नाही. आपोआप बरं वाटलं तरी यायचं."

महिना-दीड महिन्यानं तम्मण्णा परत मागापाशी उभा राहिला. हात अजून थोडा हळू चालायचा, पण ओठ सरळ झाले होते. राहिलेला पदर विणता विणता तो म्हणाला, "तू हाईस म्हणून हाय मी."

जयवंताला अक्षर न् अक्षर कळलं. तरी तिनं हात हलवला, "काय?"

तो परत बोलला. तिनं परत हात हलवला. लई गोड वाटत होतं तिला!

तम्मण्णानं तिच्याकडं पाहिलं, हसला, आणि पदर अर्धवट असतानाच त्यानं माग बंद केला. मग तेच वाक्य तो मोठ्यानं बोलला.