उदासीला अवयव नसतो

अनेस्तिसकाकाच्या टपरीवर हृदयं संपली होती. डोळे भरपूर होते, कान होते, तान्ही बाळं दोऱ्यात ओवून टांगली होती, एक गाढवसुद्धा होतं. पण हृदय एकही नाही.

"सण तोंडावर आलाय आणि तू हृदयं ठेवत नाहीस?" आई म्हणाली.

"होती की. यंदा सगळ्यांना हृदयच हवंय," काका म्हणाला. "ती बर्फातली कडक फ्रेडो कॉफी आल्यापासून सगळ्यांना धडधड सुटलीय."

आमच्याकडे पनागियाला, म्हणजे येशूच्या आईला, नवस बोलायचा तर जो अवयव दुखतो त्याचा पातळ पत्र्यातला ठसा तिच्या तसबिरीपुढे टांगतात. तिच्याकडे गर्दी फार. नेमकं कुठे बघायचं ते तिला लगेच कळावं, म्हणून ही सोय.

"मग डोकं दे," आई म्हणाली.

"डोकं अर्धांगवायूला लागतं. पंदेलीच्या बायकोनं अर्धशिशीसाठी टांगलं, तर अर्धशिशी गेली आणि तोंड वाकडं झालं. मी जबाबदारी घेत नाही."

"काका, कोरा पत्रा आहे?" मी विचारलं.

"कोरा छपराला घालतात. त्याच्यावर काही नसतं."

"मलाही तसंच आहे. काही नाही."

"तू गप्प बस, स्टमाटी," आई म्हणाली.

काकाने मग मला सोडून आईला विचारलं, "नेमकं होतंय काय याला?" आजारी माणसाबद्दल असंच विचारतात, गाढवाबद्दल विचारल्यासारखं. मीही मान खाली घालून शेपटीने माशा वारत असल्यासारखा उभा राहिलो.

आईने आजूबाजूला पाहून घेतलं. "उठत नाही," ती हळूच म्हणाली. "सकाळी उठत नाही. दुपारीही नाही."

"मग पाय," काका म्हणाला.

"पाय ठीक आहेत माझे."

"ठीक असते तर उठला असतास."

महिनोन्‌महिने मी हाच विचार करत पडलो होतो, पण इतक्या स्वच्छ शब्दांत तो मला मांडता आला नव्हता.

"शिवाय ड्रायव्हर आहे," आई स्वतःची समजूत घालत म्हणाली. बेटावरची एकुलती एक बस मी चालवतो. म्हणजे चालवायचो. वसंतापासून ती बंदरावर उभी होती आणि तिच्या पायरीवर मांजरीने पिल्लं घातली होती.

"उजवा की डावा?"

"दोन्ही," आई म्हणाली. मुलाच्या बाबतीत तिने कधी हात आखडता घेतला नाही.

तर पनागियापुढे लाल फितीला माझे दोन पाय लोंबू लागले, आणि गाव एका दिवसात बदललं. तोवर मी घरात पडून असायचो तेव्हा लोक म्हणायचे, आळशी आहे, आईच्या जिवावर बसलाय, पोरगी सोडून गेली असेल. आता पाय म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. कॅफेतून घरी खुर्ची आली, पाय ठेवायला दुसरी खुर्ची आली. कुणीतरी कोळशावर भाजलेला ऑक्टोपस पाठवला, का तर त्याला आठ पाय असतात. दोन मी वापरावेत अशी कल्पना असावी.

त्यात पनागियाच्या सणाआधीचा उपास लागला. मला तसंही अन्न जात नव्हतं, बोलवत नव्हतं, खोलीबाहेर पडवत नव्हतं. म्हाताऱ्या आईला म्हणू लागल्या, "काय कडक उपास धरलाय पोरानं! साधूच आहे अगदी." उदासी आणि संतपण बाहेरून सारखंच दिसतं, हे मला तेव्हा कळलं. आतून बघायला कुणी येत नाही.

नाही म्हणायला पापा-फोटिस येऊन गेले होते. आमचे पाद्रीबाबा. माणूस चांगला, आवाज बैलासारखा, स्वभाव कोकरासारखा. खाटेच्या कडेला बसून म्हणाले, "स्टमाटी बाळा, ख्रिस्त उठलाय हे ज्याला पटलं त्याला इतकं उदास राहता येत नाही."

"पटलंय पाद्रीबाबा. तो तिसऱ्या दिवशी उठला. मला तिसऱ्या दिवशीही चादर बाजूला सारता आली नाही."

ते हसले. मग आपण हसायला नको होतं असा चेहरा केला. मग मला कुरवाळून गेले. त्यांनी तरी आणखी काय करायचं? पाप असतं तर त्यांनी क्षमा केली असती, भूत असतं तर पळवलं असतं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

मी प्रार्थना करायचो, हे सांगायला हवं. लोकांना वाटतं उदास माणूस देवाला विसरतो. मी विसरलो नव्हतो. तो तिथेच होता, जसा समुद्र तिथेच असतो. मी खिडकी उघडायला उठू शकत नव्हतो, एवढंच.

उठायला लागलो ते गोळ्यांमुळे. बोटीने दोन तासांवरच्या मोठ्या बेटावर एक डॉक्टरीण बसते. तिने दिल्या आणि बजावलं, "स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. आईच्या मनानं तर नाहीच." आई मोठ्याने हसली. त्या गोळ्या ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवायची आणि रोज सकाळी मला गोड चेरीच्या मुरंब्याच्या चमच्याबरोबर द्यायची. त्यांनी मी आनंदी वगैरे झालो नाही. चादर हलकी झाली. आधी ती शिशाची असायची, आता नुसती ओली लोकर. पण ओल्या लोकरीखालून माणूस बाहेर येऊ शकतो. मला आयुष्यात तेवढंच हवं होतं, आणि ते त्या गोळ्यांवर टिकून होतं.

म्हणून सणाच्या दिवशी मी दाढी केली, शर्ट घातला आणि आईबरोबर चढण चढून देवळाकडे निघालो.

मी विसरलो होतो की माझे पाय आजारी आहेत.

चढणीवर सगळं गाव होतं. आधी कुजबुज झाली. मग मरिगोआजी, जी बस बंद असल्यामुळे दोन्ही गुडघे धरून चढत होती, रस्त्यात थांबली आणि तिने हंबरडा फोडला, "चालतोय! स्टमाटी चालतोय!"

"आजी, मी कालही चाललो होतो," मी म्हणालो.

"कुठवर?"

"संडासापर्यंत."

"ऐका! किती नम्र आहे!"

कुणीतरी घंटा वाजवायला धावलं. पापा-फोटिस पूर्ण वेषात बाहेर आले, मला चढताना बघून त्यांच्या दाढीत आसवं गळू लागली. मी आईकडे पाहिलं. या गर्दीत गोळ्यांबद्दल माहीत असलेली ती एकटीच होती. तीही रडत होती.

"आई," मी तिच्या कानात म्हणालो, "पाय नव्हते दुखत माझे."

"मला शिकवू नकोस," ती हुंदके देत म्हणाली. "उठलास की नाही?"

मला आईवर राग धरता येत नाही. वसंतापासून रोज सकाळी दार उघडून आत बघणारी तीच. एवढ्या सगळ्या सकाळी बंद डोळ्यांचं पोर बघितल्यावर माणसाला चमत्कार घेऊ द्यावा.

पण पुढे ती जे करून बसली ते मला थांबवता आलं नाही. आमच्याकडे ज्याचे पाय बरे होतात तो आपली कुबडी पनागियापुढे ठेवून येतो. माझ्याकडे कुबडी नव्हती. सगळे आईकडे बघत होते. आईने पर्स उघडली, गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या काढल्या, पर्समधल्या मिठाईच्या पुडक्याची फीत सोडून त्यांना बांधली आणि तसबिरीच्या काचेच्या कपाटात माझ्या पायांशेजारी टांगली. चंदेरी पट्ट्या चंदेरी पत्र्यांमध्ये अगदी शोभून दिसल्या. अनेस्तिसकाका देवळाचा कारभारीही आहे. त्याने कपाटाला किल्ली लावली. मग सगळ्यांनी उकडलेला बोकड खाल्ला, आणि मला बरगडी दिली, मानाची.

त्यानंतर वारा सुटला. ऑगस्टचा तो उत्तरेचा वारा सुटला की बोट येत नाही. डॉक्टरणीला फोन केला तर यंत्रातली बाई म्हणाली, डॉक्टर सुट्टीवर आहेत. ऑगस्टमध्ये सगळा देश सुट्टीवर असतो. आजारी पडायची ही वेळच नव्हे. बेटावर औषधाचं दुकान नाही. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, आणि चादर पुन्हा जड होऊ लागली.

"आई, गोळ्या परत आण."

"बरं झालेला माणूस औषध घेतो?" ती चेरीचा चमचा तसाच पुढे करत म्हणाली. नुसत्या मुरंब्याचा. "पनागिया बघतेय, स्टमाटी."

"बघतेय तर तिला कळेल."

"काय कळेल? की आपला तिच्यावर विश्वास नाही?"

इथे मी अडकलो. माझा विश्वास होता, तीच पंचाईत. नास्तिक असतो तर कपाट फोडलं असतं. माझी पक्की खात्री होती की पनागियानं मला मदत केली आहे. माझं म्हणणं एवढंच, की तिनं ती गोळ्यांमधून केली होती, आणि आम्ही तिची मदत तिलाच साभार परत केली होती.

मी अनेस्तिसकाकाकडे गेलो.

"दिलेली वस्तू तिची झाली," तो म्हणाला. "तुला दिली, तर उद्या सगळे नवसाला वाहिलेल्या अंगठ्या परत मागायला येतील."

"अंगठी नसली तर कुणाचं डोकं फिरत नाही काका."

"तुला काय माहीत? तुझं लग्न झालंय?"

पापा-फोटिसांनी ऐकून घेतलं, सगळं, आणि ते खरंच कासावीस झाले. "बाळा, मी उघडून देईन. पण लोकांना काय सांगू? तुला बघून म्हातारे चढण चढतायत. ती मरिगो पुन्हा प्रार्थना करू लागलीय." त्यांनी कपाळ पुसलं. "संध्याकाळच्या प्रार्थनेला ये. गर्दी पांगली की बघू."

गर्दी पांगली नाही. मी भिंतीलगतच्या उंच लाकडी खुर्चीत बसलो होतो आणि प्रार्थना संपल्यावर मरिगोआजी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने काही न विचारता माझा हात उचलला आणि आपल्या गुडघ्यावर ठेवला.

"आजी, माझ्यात काही नाही."

"असू दे. ठेव."

मी ठेवला. काळ्या लोकरी मोज्यातून गुडघा गरम लागत होता. मी तिच्यासाठी प्रार्थना केली, मनापासून. स्वतःसाठी करताना शब्द वाळूसारखे व्हायचे, तिच्यासाठी आले. तिने मान हलवली, बरं वाटलं की नाही ते सांगितलं नाही, आणि बाजूला झाली. तिच्यामागे रांग होती. पंदेली कंबर घेऊन उभा होता. त्याच्यामागे त्याची बायको, तोंड घेऊन.

रांग संपली तेव्हा मी उठायला गेलो, आणि उठवेना. पाय होते, ठीक होते. नुसता उठायचा प्रश्न होता, आणि तो घरच्या खाटेवरून इथवर माझ्यामागे आला होता. लोक बघत होते.

"ऊठ की रे," पंदेली म्हणाला. "बस कधी सुरू करतोस ते सांग."

मी हसायचा प्रयत्न केला. तोही उठला नाही.

आई दाराशी उभी होती. तिने माझा चेहरा पाहिला. रोज सकाळी दार उघडून ती जो बघायची, तोच तो होता. ती सरळ कपाटाकडे गेली आणि काचेवर हात ठेवला. अनेस्तिसकाकाने खिशातली किल्ली मुठीत धरली. पापा-फोटिस एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. काचेपलीकडे माझ्या पट्ट्या दिसत होत्या, गोळ्यासुद्धा मोजता आल्या असत्या इतक्या जवळ.

आईचा हात काचेवर बराच वेळ राहिला. मग तिने तिथेच बोटं ओठांना लावली, काचेचं चुंबन घेतल्यासारखं, म्हणजे लोकांना वाटावं की ती त्यासाठीच गेली होती, आणि परत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"दमलाय तो," तिने सगळ्यांना सांगितलं. "संध्याकाळभर तुमच्यासाठी बसला होता. जा आता घरी."

लोक गेले, पण दाराबाहेर घोटाळत राहिले. काका किल्ली घेऊन त्यांच्यात उभा होता.

"मला जमलं नाही रे," आई पुटपुटली.

"मलाही नाही जमत."

"वारा पडला की बोटीनं जाऊ. डॉक्टरणीकडून दुसऱ्या आणू. इथे कुणाला सांगायचं नाही."

"कधी पडेल?"

बाहेर वाऱ्याने कुठलंसं पत्र्याचं छप्पर धडधड वाजत होतं. आईने ऐकलं, आणि खोटं तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. त्याऐवजी तिने माझ्या शर्टाची उघडी बटणं लावायला घेतली, खालपासून वर, मी उठून घरी निघणार असल्यासारखी.