भात शिजेपर्यंत

मुंबईच्या एका नर्सिंग स्कूलचं पत्र श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात मुरबाडला आलं. सिस्टर ट्यूटरची जागा, राहायला खोली, उत्तर महिनाअखेरपर्यंत. साल १९६३. दिल्लीहून नर्सिंगची बी.एस्सी. होऊन मी दोन वर्षं इथल्या आरोग्य केंद्रात होते.

दिल्लीला आमच्या वर्गात अकरा जणी होत्या. कोण शिकवायला गेली, कोण नाही, आणि का, याची नोंद मी एका वहीत ठेवत असे. जया ट्यूटर झाली कारण तिला रात्रपाळी नको होती. एकीच्या सासरी मास्तरीण चालत होती, नर्स चालत नव्हती. दोघी वॉर्ड सोडायलाच तयार नव्हत्या. फळ्यापुढे उभं राहिलं की हात काम विसरतात, असं त्यांचं म्हणणं. माझ्या नावापुढची जागा रिकामी होती. पत्र आल्यावर मी तिथे लिहिलं, 'शिकवता येतं.'

याला पुरावा होता. जवळच्या धसई गावात दर बुधवारी मी सात सुइणींचा वर्ग घेत असे. नाळ कापायचं पातं दहा मिनिटं उकळायला हवं. घड्याळ कुणाकडेच नव्हतं, म्हणून मी सांगितलं होतं, "चुलीवर भात ठेवा, शेजारी पात्याचं भांडं ठेवा. भात शिजला की पातं काढा." सगळ्या हे पाठ म्हणत. म्हातारी ठकू सर्वांत मोठ्याने म्हणायची.

'येते' असं लिहिलेल्या पत्राचं पाकीट त्या बुधवारी माझ्या पिशवीत होतं. वर्ग सुटता सुटता कातकरवाडीतला पोश्या धावत आला. त्याच्या बायकोला, जानीला, कळा सुरू झाल्या होत्या. ठकूबरोबर मीही निघाले.

मुलगी झाली, लगेच रडली. बाळामागून येणारी वार पडल्याशिवाय नाळ कापायची नाही ही तिकडची रीत, म्हणून ठकू वाट पाहत बसली. वार पडल्यावर तिने पातं गरम पाण्यात एकदा बुडवलं आणि बाहेर काढलं.

"ठकूबाई, उकळलं कुठे ते?"

"किती उकलू? भात शिजला का काढ, असा तुमीच बोलल्या. या घरात भात कंचा? टोपात भाजी हाय. भाजीचा तुमी काय बोलल्या नाय."

दारातून पोश्या हसला. "आमाला भाताचा वासबी याद नाय, शिष्टरबाय. दिवालीला या."

पातं चुलीवर उकळत ठेवून मी मनगटावरच्या घड्याळावर दहा मिनिटं मोजली. मग ठकूने नाळ कापली.

परतताना मी विचारलं, "अशा भात नसलेल्या घरी किती बाळंतपणं केलीत?"

"औंदा चार."

"पोरं?"

"तीन हायत. चवथा सातव्या दिशी गेला. तोंड उघडंना, दूध घेईना."

धनुर्वात. हीच लक्षणं मी वर्गात दोनदा सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी मी पाकीट फाडलं आणि नवं पत्र लिहिलं, 'येऊ शकत नाही.' कारण लिहायला बसले, ते जमेना. पत्र तसंच राहिलं.

पुढच्या बुधवारी वर्गात मी झालेलं सगळं सांगितलं. चूक ठकूची नाही, माझी, हेही सांगितलं. सुइणींतली बारकी म्हणाली, "मंग घराघरात भात धाडा ना, शिष्टरबाय!" सगळ्या हसल्या.

ठकू हसली नाही. ती उठून बाहेर गेली आणि कारवीच्या झुडपाच्या काटक्या घेऊन आली.

"भात नसंल, लाकडा तर असतील. मूठ मूठ घालायची. तीन मुठी जलल्या का पातं काढायचा."

"काटकी किती जाड?"

"करंगळीएवढी."

"आणि ओली असली तर?"

"चुलीवरच्या माल्यावं सुकलेली कोनाकडं नसते, बाय?"

आम्ही तीन दगड मांडले, पाणी उकळवलं, आणि मी घड्याळ हातात धरलं. तीन मुठींना पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली, मग तेरा, मग नऊ.

"नऊ कमी पडतात," मी म्हटलं.

"मंग चार मुठी," ठकू म्हणाली, आणि तिने सगळ्यांकडून ते म्हणवून घेतलं. मी बारकीशेजारी बसून त्यांच्याबरोबर म्हटलं.

त्या दुपारी तिसरं पत्र लिहिलं. येते, पण माझ्या विद्यार्थिनी वर्षातून एक महिना धसईला येतील, आणि पहिल्या तासाला वर्गात चूल पेटवू द्यावी लागेल. हे मान्य नसेल तर जागा दुसरीला द्यावी. वहीतलं 'शिकवता येतं' खोडून तिथे 'चार मुठी' लिहिलं.

महिन्याने होकार आला. निघायच्या दिवशी ठकू मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर आली. काखेत कारवीची छोटी मोळी.

"अहो, मुंबईत लाकडं मिळतात!"

"ती वायली असतील, अशी नाय जलायची," ठकू म्हणाली. "ही न्या. आनी तिकडची परत मोजून बघा."